खरात सरांचा ताळा

भारनियमनाची वेळ वाढली की आनंद होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक सुदाम खरात. अकरा वाजता वीज गेली की सगळं कॉलेज कागदाचे पुठ्ठे हलवत लिंबाखाली जमायचं आणि सरकारला शिव्या द्यायचं. त्या गर्दीच्या उलट्या दिशेनं एक किडकिडीत माणूस तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीकडे लगबगीनं जाताना दिसायचा. दोन वाजता वीज यायची, लिंबाखालचे लोक खूश होऊन पंख्याखाली परतायचे, आणि हा माणूस घामेजलेला, उतरलेल्या तोंडानं खोलीबाहेर यायचा.

"काय सर, आली का लाईट?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

"आली बुवा," असं ते घरात नकोसा पाहुणा आल्यासारखं म्हणायचे.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॉलेज नवीन जालन्यात, आणि मागच्या भिंतीला लागून एका बियाणे कंपनीचं गोदाम. तिथं बियाण्याची प्रतवारी करणारी एक भलीमोठी चाळणी दिवसभर हलत असे. पलीकडे रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे लोखंडाच्या सळया ओढणाऱ्या मिला. आम्हा सगळ्यांना त्या थरथरीची इतकी सवय झाली होती की ती जाणवतही नसे. खरात सर मात्र कुठल्याही खोलीत शिरले की आधी भिंतीला तळवा लावत. डॉक्टरनं रोग्याच्या छातीला लावावा तसा. ग्रंथालयात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चारही भिंती तपासल्या आणि कोशांच्या कपाटामागचा कोपरा निवडला.

"अहो ग्रंथपाल, हा कोपरा बरा आहे. इथं निम्मंच हलतं."

"काय हलतं?"

"जालना."

पुढं पुढं त्यांचा तळवा इतका तयार झाला की मालगाडी आणि प्रवासी गाडी त्यांना भिंतीवरून ओळखू येई. प्राचार्यांना मुंबईला जायचं असलं की ते शिपायाला स्टेशनवर पाठवत नसत, खरात सरांकडे पाठवत. "अजून आली नाही म्हणावं. सावकाश निघा." विद्यापीठानं मान्यता दिलेल्या संशोधकाचा आमच्या संस्थेनं केलेला हा पहिला अधिकृत उपयोग.

ते नेमकं करत काय होते, हे समजून घ्यायला मला वर्ष लागलं. त्यांना स्वतःला ते एका वाक्यात सांगता यायचं, पण ऐकणाऱ्याची तयारी नसायची. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी एकदा त्यांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं. अण्णासाहेब बसलेले, त्यांच्या मागं चार जण उभे, आणि समोर खरात सर तोंडी परीक्षेला आल्यासारखे.

"साहेब, वाकळ असते ना? तिच्यात दोरा कसा खाली-वर, खाली-वर जातो. तसं आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक पातळ पापुद्रा असतो, आणि त्यात काही प्रोटीनं अशीच खाली-वर ओवलेली असतात. मी ज्यावर काम करतो त्याचे सात टाके आहेत. मी एका बारीक सुईनं त्याचं टोक धरतो आणि ओढतो. एकेक टाका सुटताना हिसका बसतो. तो हिसका किती जोराचा, ते मी मोजतो."

अण्णासाहेबांनी विचार केला. "म्हंजे तुम्ही वाकळ उसवून राह्यले."

"हो साहेब."

"मंग उसवून फायदा काय? आमच्याकडं तर बायका शिवत्यात."

मागचे चौघे हसले. खरात सरही हसले आणि म्हणाले, "कुठला टाका किती घट्ट आहे, ते उसवल्याशिवाय कळत नाही. आणि निम्मी औषधं याच टाक्यांना जाऊन चिकटतात." पण तोपर्यंत अण्णासाहेबांचा मोबाईल वाजला होता.

बंगळूरच्या एका संस्थेत शिक्षकांसाठीच्या योजनेतून दोन वर्षं काढून ते आले होते. तिथं हे काम शिकले, तिथल्याच मार्गदर्शकांकडे पीएच.डी.ला नाव नोंदवलं, आणि परत येताना तिथं मोडीत काढलेलं एक यंत्र मागून आणलं. यंत्राचं डोकं नारळाएवढं. ते रेल्वेत मांडीवर घेऊन, झोप आली तर पडेल म्हणून जागेच राहून आले, असं त्यांच्या पत्नी सांगत. "लग्नात मला एवढं जपलं नव्हतं," हेही त्या सांगत.

जालन्यात आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचे ओटे करणाऱ्याकडून ग्रॅनाइटची एक जाड फरशी आणली आणि ती सायकलच्या ट्यूबांनी छताच्या कड्यांना टांगली. तिच्यावर यंत्र. फरशी अशी लोंबती ठेवली की जमिनीची थरथर ट्यूबा गिळून टाकतात, असा हिशेब. स्टाफरूममध्ये त्याला नाव पडलं 'खरातांचा पाळणा'.

"बारसं कधी मग?"

"पाळणा हलायचा थांबला की."

तो थांबत नव्हता. ट्यूबा बरंच गिळत, पण ती चाळणी त्यांना पचत नसे. ते मोजत होते तो हिसका इतका हलका, की मुंगीनं मिशी हलवली तरी त्याच्यापुढं वादळ. दिवसा चाळणी थांबायची ती फक्त वीज गेल्यावर; रात्री ती थांबली तर मिलांची रात्रपाळी चालू असे. आणि वीज गेल्यावर यंत्रही थांबायचं. या पेचावर त्यांनी काढलेला तोडगा मला आजही जालना जिल्ह्यानं विज्ञानाला दिलेलं योगदान वाटतो. एका गॅरेजमधून त्यांनी ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणल्या. वीज असताना त्या चार्ज करायच्या, आणि अकराला सगळं गाव अंधारलं की त्यांच्यावर यंत्र चालवायचं. अकरा ते दोन. पंखा नाही, खिडकी बंद, बाहेर बेचाळीस डिग्री. त्या तीन तासांत सुई शेकडो वेळा खाली जायची, पापुद्र्याला टेकायची, वर यायची. बहुतेक वेळा हाती काही लागत नसे. आठवड्यातून एखाद्या वेळी पडद्यावर करवतीसारखे दात उमटत. एक दात म्हणजे एक सुटलेला टाका. असा आलेख मिळाला की ते ग्रंथालयात येऊन माझ्या टेबलावर ठेवायचे आणि पुन्हा उचलून घेऊन जायचे.

प्रबंधाची तीन प्रकरणं तयार होती. चौथ्यासाठी असे निदान पन्नास आलेख हवे होते. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती. येत्या मेअखेर ती संपणार होती आणि तिसऱ्यांदा वाढत नाही, असं विद्यापीठानं लेखी कळवलं होतं. डिसेंबरात त्यांच्याकडे नऊ आलेख होते.

आता त्यांच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. वडील जाफराबादकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. गणित सुटलं की पोराला शाबासकी द्यायच्या आधी ते विचारायचे, "ताळा केला का?" भागाकाराचं उत्तर उलटं गुणून पाहायचं, बेरीज खालून वर करायची. तो प्रश्न खरात सरांच्या अंगात मुरला होता आणि ते तो कुणालाही विचारायचे. अण्णासाहेबांच्या एकसष्टीचा गौरव-अंक निघणार होता. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे. खरात सर बाजूला बसून वाचत होते.

"'अण्णासाहेबांनी वीस वर्षांत एक लाख झाडे लावली.' ताळा केला का?"

"झाडांचा?"

त्यांनी पेन्सिलीनं समासात भागाकार केला. "रोज चौदा झाडं होतात. रविवार आणि दिवाळी धरून."

"असतील लावली."

"असतील ना. मी नाही कुठं म्हणतो? फक्त ताळा केला."

मी 'एक लाख' खोडून 'असंख्य' केलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. "हे चालेल. असंख्यला ताळा नसतो." अंक छापून आल्यावर अण्णासाहेबांनी प्राचार्यांना विचारलं म्हणे, की आमची झाडं कमी कुणी केली. पण ते असो.

जानेवारीत कॉलेजची प्रतवारी ठरवायला बाहेरून समिती येणार होती. प्राचार्यांनी फर्मान काढलं की सगळं कसं लखलखीत दिसलं पाहिजे. कुंड्या आल्या, फलक आले, ज्या खोलीत गेली दहा वर्षं मोडके बाक होते तिच्यावर 'संशोधन कक्ष' अशी पाटी आली. प्रयोगशाळेचा शिपाई कडुबा हा खरात सरांचा भक्त. सरांच्या खोलीत कुणी चप्पल घालून गेलेलं त्याला खपत नसे. यंत्रावर झाकायला एक जुनं पांढरं धोतर होतं. कडुबानं ते घरी नेलं, धुतलं, साबुदाण्याची खळ दिली, कडक इस्त्री केली आणि आणून यंत्रावर घातलं. दर शनिवारी तो हेच करू लागला.

"कडुबा, हे कशाला?"

"सर, सायेब लोकं येऊन राह्यले. आपलं मशीन काय मळक्या कपड्यात ठेवायचं का?"

सरांना ते बरं वाटलं. यंत्राला आपुलकीनं कुणी हात लावला असेल तर त्या दोघांनीच.

आणि त्याच सुमारास आलेख मिळू लागले. एका दिवशी तीन. दुसऱ्या दिवशी पाच. तीन आठवड्यांत साठाच्या वर गेले. खरात सर माझ्या टेबलावर आता गठ्ठाच ठेवायचे. दाताला लागून दात. मला त्यातलं काही कळत नसे, पण माणसाचा चेहरा कळत असे. ते तळवा भिंतीला लावायचे विसरू लागले. प्राचार्यांनी ही बातमी समितीला द्यायच्या अहवालात जाड अक्षरांत टाकली. बंगळूरहून मार्गदर्शकांचा फोन आला, प्रकरण लिहायला घ्या. त्यांच्या पत्नींनी मला विचारलं, "भाऊजी, यंदा खरंच होईल का हो?" मी म्हणालो, झाल्यातच जमा आहे.

मग एका सोमवारी ते सकाळीच ग्रंथालयात आले आणि त्या कोपऱ्यात जाऊन बसले.

"काय झालं?"

"ताळा केला."

त्यांनी काय केलं होतं, तर सुईखाली प्रोटीन ठेवलंच नव्हतं. पापुद्रा ज्यावर पसरायचे तो अभ्रकाचा नुसता कोरा तुकडा आणि मिठाचं पाणी. काही नाही तर काही दिसू नये. दिसले. तसेच दात, तितकेच छान.

"म्हणजे ते साठ?"

"त्यातले काही खरे असतीलही. कुठले, ते सांगता येत नाही. माझ्या यंत्राला एवढं बारीक दिसत नाही. काहीतरी लांब, धाग्यासारखं, सुईला चिकटतंय आणि उलगडतंय. काय, ते माहीत नाही."

"हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग कुणाला कळणार आहे?"

माझा हा प्रश्न मला तेव्हाही फार शोभला नव्हता. ते रागावले नाहीत. "मला कळलंय ना आता," एवढंच म्हणाले.

पुढचे अकरा दिवस ते ती घाण शोधत होते. पाणी बदललं, मीठ बदललं, भांडी पुन्हा पुन्हा उकळली. अकराव्या दिवशी मला बोलवायला आले. अंधाऱ्या खोलीत यंत्राचा बारीक लाल किरण चालू होता. "बघा," म्हणाले, आणि ते इस्त्रीचं धोतर यंत्रावरून हळूच उचललं. किरणात बारीक धूळ लखलखत खाली उतरली, अगदी शांतपणे, अभ्रकाच्या तुकड्यावर. मग त्यांनी रसायनशास्त्रातून आणलेली आयोडीनची बाटली उघडली आणि एक थेंब धोतराच्या कोपऱ्यावर टाकला. थेंब निळा-काळा झाला. पिष्टाची ही चाचणी शाळेत बटाट्यावर करतात. ती आम्ही दोन पदवीधरांनी टांगलेल्या फरशीशेजारी केली.

तेवढ्यात कडुबा चहा घेऊन आत आला. त्याची नजर आधी धोतराकडे गेली.

"आरारारा! डाग कशाचा पडला सर?"

खरात सरांनी बाटलीला बूच लावलं. "शाई सांडली रे."

"द्या हिकडं. धुऊन, खळ देऊन आणतो. उद्या तं समिती हाये."

"राहू दे कडुबा. आता उघडंच ठेवू. हवा लागू दे त्याला."

कडुबा हिरमुसला. सरांना खोटं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

संध्याकाळी त्यांनी प्राचार्यांना सगळं सांगितलं. प्राचार्य दार लावून घेऊन म्हणाले, "खरात सर, एका दिवसाचा प्रश्न आहे. तुम्ही फक्त 'प्रोटीन' म्हणा. पुढचं मी बघतो." सर म्हणाले, "बघतो." प्राचार्यांनी तो होकार समजला.

समितीत तीन जण होते. तिघांच्या गळ्यात हार, तिघांच्या कपाळाला कुंकू, आणि मागं आमची वरात. खरात सरांच्या खोलीत अण्णासाहेबांनी स्वतः ओळख करून दिली: "हे आमचं जागतिक दर्जाचं संशोधन. पूर्ण मराठवाड्यात असं मशीन न्हाई."

समितीचे अध्यक्ष पुढं वाकले. "वा. सध्या काय मोजता आपण?"

"सध्या खळ, सर."

"काय?"

"खळ. कपड्याला देतात ती. साबुदाण्याची."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले. समितीचे अध्यक्ष मात्र उजळले. "अच्छा, अच्छा! स्टार्च! कापूस, कापड, पीक... म्हणजे स्थानिक गरजांशी निगडित. फार छान. नाहीतर लोक परदेशातले विषय घेऊन बसतात." शेजारच्या सभासदानं ते लिहून घेतलं.

"सर, तसं नाही," खरात सर म्हणाले. "ही चूक आहे. मला ते मोजायचं नव्हतं."

"नम्रता!" अध्यक्ष आमच्याकडे वळून म्हणाले, आणि सगळे पुढच्या खोलीकडे गेले.

कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. अहवालात खळीच्या संशोधनाचा खास उल्लेख होता. अण्णासाहेबांच्या हस्ते खरात सरांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. ते त्यांनी घेतलं, कारण व्यासपीठावर न घेण्याची काही सोय नसते. कडुबा सगळ्यांना सांगत हिंडला, "आपल्या मशीनमुळंच नंबर आला." ते खरं होतं. त्याच्या धोतरामुळं आला हे त्याला कुणी सांगितलं नाही.

साठ आलेख त्यांनी बाद केले. आधीचे नऊ उरले. मार्गदर्शकांना कळवलं. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, सहा महिने इकडे या, इथल्या यंत्रावर करून टाकू. पण अभ्यासरजा एकदा वापरून झाली होती आणि संस्थेनं दुसरी नाकारली. कारण अर्जावर लिहिलेलं मी पाहिलं आहे: 'आपले संशोधन येथेच उत्तम चालू असल्याचे समितीने नमूद केले आहे.'

फेब्रुवारीत त्यांनी पुन्हा सुरुवात केली. खोली धुतली, यंत्रावर काचेची पेटी केली, प्रत्येक आलेखामागं एक कोरा तुकडा तपासायचा नेम धरला. मार्चअखेर सोळा आलेख झाले, ताळा केलेले. या गतीनं पन्नास होणार नव्हते, पण चाळीसएक झाले तर मार्गदर्शक सांभाळून घेणार होते. उन्हाळा तापला की भारनियमन सहा तासांचं होतं. सगळी भिस्त त्यावर होती. "एप्रिल-मे हातात आहे," ते म्हणायचे. "रोज सहा तास मिळाले तर जमेल."

एप्रिलात लोकसभेची निवडणूक आली, आणि निकाल लागेपर्यंत भारनियमन बंद झालं.

जालन्यात तेव्हा आनंदीआनंद होता. भर उन्हाळ्यात चोवीस तास वीज! लिंबाखाली कुणी फिरकेना. गोदामातली चाळणी सकाळी सहाला सुरू व्हायची ती रात्री दहापर्यंत, मग मिलांची रात्रपाळी. खरात सर अकराला सवयीनं खोलीत जायचे, यंत्र लावायचे, पडद्यावर नुसतं गवत उगवल्यासारखी थरथर पाहायचे. एकदा त्यांनी गोदामाच्या व्यवस्थापकाला जाऊन विचारलं, रोज दोन तास चाळणी थांबवता येईल का. तो भला माणूस होता. म्हणाला, "सर, बिलकुल थांबवली असती. पण जूनच्या आत बी गावोगाव गेलं पाहिजे. पेरणी कुणासाठी थांबती का?" सरांनी त्याला बरोबर ठरवलं. परत येऊन मला म्हणाले, "त्याचं काम खरं आहे हो."

मतदान झालं, निकाल लागले, भारनियमन परत आलं. तेव्हा मेचे नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत ते रोज सहा तास त्या खोलीत होते. तीन आलेख मिळाले. एकोणीस. एकतीस मेला त्यांनी विद्यापीठाला पत्र पाठवलं, त्याची प्रत ग्रंथालयात ठेवायला दिली. त्यात कुणाचीच तक्रार नव्हती. 'पुरेसा पुरावा जमला नाही, म्हणून प्रबंध सादर करत नाही.'

वर्षभरानं संस्थेनं त्यांची बदली जाफराबादच्या कनिष्ठ महाविद्यालयात केली. अकरावी-बारावी. यंत्र बंगळूरला परत गेलं, खोलीत परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या.

तिथल्या पुस्तकांची मोजदाद करायला मी एकदा गेलो होतो. एसटी स्टँडवरून चालत गेलो. कॉलेज गावाबाहेर, मागं कपाशीची शेतं, कसलाही आवाज नाही. खरात सर रिकाम्या वर्गात टेबलाशी बसले होते. केस बरेच पिकले होते. टेबलावर स्टीलचा पेला होता, काठोकाठ पाण्यानं भरलेला, आणि ते त्याच्याकडे पाहत होते.

"या ग्रंथपाल. आवाज न करता बसा."

मी बसलो. पाण्यात वरच्या पत्र्याचं प्रतिबिंब पडलं होतं. पत्र्यावरचा एकेक खिळा त्यात दिसत होता. एकही हलत नव्हता.

"पाऊण तास झाला," ते म्हणाले. "एक तरंग नाही."

"अशी जागा तुम्हाला तेव्हा मिळायला हवी होती."

"हो ना." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "बंगळूरला असं तळघर बांधलंय, कोट्यवधी खर्चून. इथं नुसतं आहे."

मी म्हणालो, यंत्र पुन्हा मागवता येईल की. त्यांनी एकेक बोट मिटत सांगितलं, "नोंदणी नाही. नमुना नाही. सुई नाही." चौथं बोट, शांत जागेचं, उघडंच राहिलं. ते त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले.

मग तासाची घंटा झाली. त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं, खडू आणि हजेरीपट उचलला आणि अकरावीच्या वर्गाकडे गेले.